डोक्यावरचा तवा : कुकटपल्लीची तापणारी घरे आणि थंड छतांचे धोरण

पुण्या-सोलापूरकडून येणारा राष्ट्रीय महामार्ग ६५ हैदराबादेत शिरतो, तेव्हा मियापूर ओलांडल्यावर कुकटपल्ली लागते. १९८०च्या दशकात तत्कालीन आंध्र प्रदेश गृहनिर्माण मंडळाने येथे उभारलेली वसाहत ‘केपीएचबी’ या आद्याक्षरांनी आजही ओळखली जाते. अल्प, मध्यम आणि उच्च अशा उत्पन्न गटांनुसार आखलेले भूखंड, त्यांवर बैठी घरे आणि घरांपुढे थोडे अंगण, असे तिचे मूळ रूप होते. पुढे शेजारी हायटेक सिटी उभी राहिली, २००७ साली कुकटपल्ली नगरपालिका बृहन्हैदराबाद महापालिकेत विलीन झाली आणि नोव्हेंबर २०१७मध्ये मेट्रोही आली. बैठ्या घरांच्या जागी चार-पाच मजली इमारती आल्या, अंगणे गेली, भिंतीला भिंत लागली. संगणक कंपन्यांतील नोकरदार, जवाहरलाल नेहरू तंत्रज्ञान विद्यापीठाचे विद्यार्थी आणि शिकवणी वर्गांसाठी आलेली मुले यांच्या वसतिगृहांनी गल्ल्या भरून गेल्या. या इमारतींच्या गच्चीवर बहुधा आणखी एक खोली चढवलेली असते. भाड्याच्या जाहिरातींत तिला ‘पेंटहाऊस’ म्हणतात. प्रत्यक्षात ती सिमेंटच्या पत्र्याखालची किंवा चार इंची स्लॅबखालची खोली असते आणि इमारतीत सर्वांत स्वस्त असते. तिचे भाडे कमी का, हे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कळते.

हैदराबादेत मे महिन्यात दुपारचे सरासरी कमाल तापमान ३९ अंशांच्या आसपास असते. उष्णतेच्या लाटेत ते ४२-४३ पर्यंत जाते. हे आकडे नवे नाहीत. दख्खनच्या पठारावरचा उन्हाळा नेहमीच कडक होता. बदल झाला तो उन्हाळा ज्यात काढायचा त्या घरात. पूर्वी घर उन्हापासून आडोसा देत असे. आता दिवसभराचे ऊन साठवून रात्री परत देणारे घर बांधले जाते.

सूर्य डोक्यावर येतो तेव्हा

हैदराबादचे अक्षांश सुमारे १७.४ उत्तर. कर्कवृत्ताच्या दक्षिणेकडील प्रत्येक गावाप्रमाणे येथेही वर्षातून दोनदा सूर्य नेमका माथ्यावर येतो. हैदराबादेत पहिला योग १० मेच्या आसपास असतो, पणजीत मेच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत. म्हणजे आकाश निरभ्र आणि हवा सर्वांत तापलेली असते, त्याच दिवसांत मध्यान्हीचे किरण भिंतींना जवळपास स्पर्शही करत नाहीत. सारा भार छतावर पडतो. त्या वेळी छताच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १,००० वॅट इतकी सौर ऊर्जा येते. करडा, जुना सिमेंटचा पृष्ठभाग तिच्यातील पाऊणएक भाग शोषून घेतो. त्याचे तापमान दुपारी ६० अंशांपर्यंत चढते, आणि अनवाणी पायाने गच्चीवर वाळवण घालायला जाणाऱ्या कोणालाही ते तापमापकाविना समजते.

पुढचा हिशेब साधा आहे. दहा बाय बारा फुटांच्या खोलीवर पाच इंची स्लॅब असेल, तर त्या काँक्रीटचे वजन साधारण ३,३०० किलो भरते. एवढा दगड दहा अंशांनी थंड व्हायचा म्हणजे सुमारे आठ युनिट विजेइतकी उष्णता त्यातून बाहेर पडायला हवी. एक किलोवॅटची शेगडी आठ तास चालू ठेवावी, तितकी ही उष्णता होते. त्यातील काही वर आकाशाकडे जाते, उरलेली खाली खोलीत उतरते. काँक्रीटमधून उष्णता सावकाश सरकत असल्याने दुपारी दोनला गच्चीवर गाठलेला कळस खोलीच्या आढ्याला संध्याकाळी जाणवतो. बाहेरची हवा आठ वाजता निवू लागते आणि आतले आढे तेव्हाच सर्वाधिक तापलेले असते. रात्री अकराला पंखा गरम हवा फेकतो, टाकीतल्या पाण्याने हात पोळतो, आणि खालच्या मजल्यावरचे लोक मात्र पांघरूण शोधत असतात. एकाच इमारतीत, एकाच जिन्यावर हा फरक असतो.

येथे एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. तापमापक हवेचे तापमान सांगतो. शरीराला मात्र भोवतालच्या पृष्ठभागांचे तापमानही जाणवते. आढे ४५ अंशांवर असेल तर ते अंगावर सतत उष्णता विकिरित करत राहते आणि पंख्याचा वारा ती अडवू शकत नाही. खोलीतली हवा ३४ अंश आणि भोवतालच्या भिंती-छताचे सरासरी तापमान ४० अंश असेल, तर शरीराला साधारण ३७ अंशांत बसल्यासारखे वाटते. शेजारच्या खोलीत तापमापक तेच ३४ दाखवत असूनही ती सुसह्य वाटते, याचे कारण हेच. पत्र्याच्या खोलीची तऱ्हा याहून निराळी. तेलुगूत अशा घराला ‘रेकुल इल्लू’ म्हणतात. पत्र्याला वजन नसल्याने तो उष्णता साठवत नाही. दुपारी तो भट्टीसारखा तापतो, रात्री लवकर निवतो. म्हणजे स्लॅबखालचा माणूस रात्री भाजतो आणि पत्र्याखालचा दुपारी. ज्यांना दुपारी घरातच राहावे लागते, अशी लहान मुले, बाळंतिणी, अंथरुणाला खिळलेली वृद्ध माणसे आणि घरीच शिवणकाम किंवा विड्या वळण्याचे काम करणाऱ्या बायका यांच्यासाठी पत्रा अधिक क्रूर ठरतो.

किती उष्ण म्हणजे अतिउष्ण?

याचे एकच उत्तर जगभर लागू होत नाही. इंग्लंडमध्ये जून २०२२पासून नव्या घरांसाठी अतितापाचे स्वतंत्र बांधकाम नियम लागू झाले. त्यांच्या तपशीलवार पद्धतीनुसार शयनगृहाचे तापमान रात्रीच्या वेळेत वर्षाकाठी एक टक्क्याहून अधिक तास २६ अंशांच्या वर जाता कामा नये. कुकटपल्लीत मे महिन्यात २६ अंश हे पहाटेचे, उघड्यावरचे तापमान असते. (हे नियम आले त्याच्या पुढच्याच महिन्यात इंग्लंडमध्ये पारा प्रथमच ४० अंशांपलीकडे गेला, हा योगायोग बोलका आहे.)

माणूस आपल्या हवेला सरावतो. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील संशोधकांनी भारतातील निरनिराळ्या हवामानांत प्रत्यक्ष पाहणी करून त्याचे गणित मांडले. नैसर्गिक वायुवीजनावर चालणाऱ्या इमारतींसाठी गेल्या तीस दिवसांचे बाहेरील सरासरी तापमान घ्यावे, त्याला ०.५४ ने गुणावे आणि १२.८३ मिळवावे; येणारे उत्तर म्हणजे बहुतेकांना सुखद वाटणारे तापमान. बाहेरची सरासरी ३३ अंश धरली तर हे तापमान ३०.६ अंश येते आणि सहनीय मर्यादा सुमारे ३३ अंशांवर संपते. पंख्याने आणखी दोन-तीन अंशांचा दिलासा मिळतो. हे सूत्र मुख्यतः कार्यालयांतील पाहणीवर बेतलेले आहे, झोपलेल्या माणसाला ते जसेच्या तसे लावता येत नाही. झोप लागण्यासाठी शरीराचे आतील तापमान थोडे उतरावे लागते. खोली तेवढा उतार होऊच देत नसेल, तर माणूस दिवसाचा ताण घेऊनच दुसऱ्या दिवशी कामावर जातो. उष्णतेच्या लाटेत तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणसे अधिक संख्येने आजारी पडतात, त्यामागे न निवलेल्या रात्रींचा मोठा वाटा असतो.

२०१५च्या मे महिन्यात देशात उष्णतेच्या लाटेने २,०००हून अधिक बळी घेतले. त्यांतील बहुसंख्य आंध्र प्रदेश आणि तेलंगणातील होते. अशा मृत्यूंची नोंद प्रामुख्याने शेतात, रस्त्यावर, बांधकामावर कोसळलेल्यांची होते. घरात, खाटेवर झालेला मृत्यू हृदयविकार किंवा मूत्रपिंडाच्या खात्यावर जातो. २०१०च्या मेमध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला होता. त्या महिन्यातील एकूण मृत्यूंची नेहमीच्या वर्षांशी तुलना केल्यावर १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे पुढे दिसून आले. २०१३ साली त्या शहराने उष्मा कृती आराखडा केला, तो या आकड्यामुळेच.

धाब्याच्या घरापासून स्लॅबपर्यंत

हैदराबाद संस्थानात १९४८पर्यंत आणि नंतर हैदराबाद राज्यात १९५६पर्यंत मराठवाडाही होता. या सबंध पट्ट्यात घरबांधणीची एक सामाईक समज होती. मराठवाड्यातील धाब्याच्या घराला लाकडी सऱ्यांवर काड्या-कामट्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर असे. ती माती गावच्या पांढरीतलीच. भिंती दोन-तीन फूट जाडीच्या. दिवसाची उष्णता या थरातून आत पोहोचेपर्यंत रात्र संपत आलेली असे, आणि रात्री माणसे तशीही धाब्यावर किंवा अंगणात निजत. संपन्न घरांत चुन्याचा गच असे. गच्ची हा आपला शब्द त्या चुन्याच्या पक्क्या कामातूनच आला. पांढरेपणा आणि जाडी हे दोन्ही गुण त्या छतात होते. सिमेंटचा पातळ, करडा स्लॅब आला तेव्हा तो गळत नव्हता, त्यात विंचू-उंदीर नव्हते आणि दर पावसाळ्यापूर्वी माती ओढावी लागत नव्हती. लोकांनी तो आनंदाने स्वीकारला, आणि त्यात त्यांचे काही चुकले असे म्हणता येणार नाही. सुटले ते एवढेच, की जुन्या छताचे उन्हाशी असलेले नाते नव्यात आणायचे राहून गेले.

तेलंगणाने काय केले?

छताचा रंग बदलून काय साधते, याची मोजमापे हैदराबादेतच झालेली आहेत. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि हैदराबादची आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्था यांतील संशोधकांनी २००६-०७ मध्ये शहर परिसरातील व्यावसायिक इमारतींवर ती केली. काळ्या छताला पांढरा लेप दिल्यावर वातानुकूलनाची वीज १४ ते २६ टक्क्यांनी घटली. साध्या काँक्रीटच्या छताबाबत १० ते १९ टक्के बचतीचा अंदाज निघाला. पुढे २०१७ साली देवरकोंडा बस्तीत महापालिका, हीच संस्था, भारतीय प्रशासकीय कर्मचारी महाविद्यालय आणि नैसर्गिक संसाधन संरक्षण परिषद यांनी मिळून पंचवीस गरीब घरांच्या छतांवर परावर्तक पापुद्रा बसवला. आतील हवा सरासरी दोन अंशांनी थंड राहिली.

दोन अंश हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. पण सहनीयतेची मर्यादा ३३ आणि खोली ३५ असेल, तर झोप लागणे आणि न लागणे यांतील अंतर तेवढेच असते. शिवाय हे मोजमाप हवेचे आहे; आढ्याच्या पृष्ठभागात पडणारा फरक याहून बराच मोठा असतो आणि अंगाला तोच अधिक जाणवतो.

या अनुभवावर ३ एप्रिल २०२३ रोजी तेलंगणा सरकारने २०२३ ते २०२८ या कालावधीसाठी थंड छत धोरण जाहीर केले. राज्य पातळीवर असे स्वतंत्र धोरण करणारे ते देशातले पहिले. राज्यात ३०० चौरस किलोमीटर छत थंड करायचे, त्यांपैकी २०० चौरस किलोमीटर हैदराबादेत, असे लक्ष्य ठेवण्यात आले. त्या वेळी महापालिकेचे एकूण क्षेत्रच सुमारे ६५० चौरस किलोमीटर होते, हे ध्यानात घेतले तर लक्ष्याचा आवाका कळतो. सरकारी आणि व्यावसायिक इमारतींना थंड छत सक्तीचे झाले, भोगवटा दाखल्याशी त्याची सांगड घातली गेली. खर्चाचा अंदाज चौरस मीटरला तीनशे रुपये, म्हणजे शंभर चौरस मीटरच्या गच्चीला तीस हजार.

निवासी इमारतींची सक्ती मात्र ६०० चौरस यार्ड आणि त्याहून मोठ्या भूखंडांपुरती आहे. त्याखाली थंड छत ऐच्छिक. सहाशे यार्ड म्हणजे पाचशे चौरस मीटर. केंद्र सरकारने डिसेंबर २०१८मध्ये आणलेल्या ‘इको निवास संहिते’ची सीमाही पाचशे चौरस मीटरच्या भूखंडावरच आहे. छतातून प्रतिचौरस मीटर, प्रतिअंश १.२ वॅटपेक्षा अधिक उष्णता आत येऊ नये, असे ही संहिता सांगते. उघड्या स्लॅबमधून ती तीन वॅटहून अधिक येते. पण केपीएचबीच्या अल्प आणि मध्यम उत्पन्न गटांच्या भूखंडांवर उभ्या राहिलेल्या अरुंद इमारती या रेषेच्या कितीतरी खाली येतात. ज्या छतांखाली माणसे सर्वाधिक दाटीने राहतात, ती छते नियमाच्या कक्षेबाहेर आहेत. लहान घरमालकावर सक्ती नको, हा विचार समजण्यासारखा आहे. परंतु या इमारतींत छताखाली राहणारा भाडेकरू असतो आणि रंगाचा खर्च मालकाने करायचा असतो. न झोपण्याची किंमत आणि कूलरचे बिल भाडेकरू भरतो. मालकाला गच्ची पांढरी करून भाडे वाढवताही येत नाही. ऐच्छिक तरतूद अशा ठिकाणी आपोआप कामाला लागेल, ही अपेक्षा भाबडी म्हणावी लागेल.

वातानुकूलन यंत्र हे सर्वांचे उत्तर होऊ पाहते आहे. २०२०च्या जानेवारीपासून तारांकित यंत्रे २४ अंशांवर सुरू होतील अशीच विकावी लागतात. ते ठीकच. पण यंत्र खोलीतली उष्णता आणि स्वतः वापरलेली वीज, दोन्ही गल्लीत टाकते. दहा-बारा फुटी गल्लीत समोरासमोर वीस यंत्रे घोंघावत असतील, तर ज्याच्याकडे यंत्र नाही त्याची खिडकी उघडूनही उपयोग नसतो. त्यात कुकटपल्लीचा नाला सांडपाणी घेऊन हुसेनसागराकडे जातो; डासांमुळे तशाही खिडक्या रात्री बंदच असतात.

कोरड्या हवेत पाणी हा जुना आणि प्रभावी उपाय. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता ओढली जाते. म्हणजे वर हिशेब केलेल्या खोलीच्या स्लॅबला दहा अंशांनी निववायला, एक थेंबही वाया न जाता वाफ झाली तर, बारा लिटर पाणी पुरे. प्रत्यक्षात दुप्पट-तिप्पट लागते, पण तरी ते दोन-तीन बादल्याच. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारण्याची रीत अडाणी नव्हती. अडचण अशी की मे महिन्यात कूपनलिका आटतात आणि गल्लीत टँकर येतो. त्यातल्या दोन बादल्या गच्चीवर ओतायला मन होत नाही. पांढरे छत पाणी मागत नाही, हा त्याचा मोठा गुण.

गोव्यात हेच चालेल का?

गोव्याची हवा निराळी आहे. राष्ट्रीय वर्गीकरणात हैदराबाद संमिश्र हवामानात, तर पणजी उष्ण-दमट गटात येते. येथे पारा ३३-३४ वर थांबतो, म्हणून किनाऱ्यावरील केंद्रांसाठी उष्णतेच्या लाटेची मर्यादाही ४० ऐवजी ३७ अंश, आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश अधिक, अशी ठेवलेली आहे. ९ व १० मार्च २०२३ रोजी गोव्यातील शाळा दुपारी बाराच्या आत सोडण्याची वेळ आली, ती याच मर्यादेपायी. दमट हवेत घाम वाळत नाही. त्यामुळे ३४ अंशही जड जातात. कूलर येथे खोली अधिक चिकट करतो. गच्चीवरचे पाणी सावकाश वाळते. उपयोग वाऱ्याचाच. संहितेतही हे दिसते : उघडता येणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्र हैदराबादसारख्या हवेत जमिनीच्या किमान साडेबारा टक्के, तर उष्ण-दमट हवेत सोळा टक्क्यांहून थोडे अधिक, म्हणजे सहावा हिस्सा हवे. विकसकांच्या माहितीपत्रकांतील सरकत्या काचांच्या खिडक्या एका वेळी निम्म्याच उघडतात, ही बाब मापे घेताना विसरू नये.

जुन्या गोमंतकीय घराला हे ठाऊक होते. चिऱ्याच्या जाड भिंती, उंच आढे, पुढे झुकलेली पागोळी आणि फटींतून हवा खेळू देणारी कौले. मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात काढला आणि पुढे ही कौले सबंध कोकणपट्टीवर पसरली. कौल स्वतः तापते, पण त्याच्याखालची गरम हवा फटींतून निघून जाते. बाल्कांवात संध्याकाळी बसण्यामागे गप्पांइतकाच वाऱ्याचाही भाग होता. आज मडगाव, वास्को, म्हापसा, पर्वरी येथील सदनिकांच्या वरच्या मजल्यांची कुळकथा कुकटपल्लीपेक्षा फारशी वेगळी उरलेली नाही.

पांढऱ्या लेपाची अडचण गोव्यात पावसाची आहे. हैदराबादेत वर्षाला साधारण ८०० मिलिमीटर पाऊस पडतो, येथे ३,०००च्या घरात. जूनमध्ये पांढरे असलेले छत ऑक्टोबरपर्यंत शेवाळाने काळेहिरवे होते आणि परावर्तन निघून जाते. बुरशीरोधक लेप किंवा पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचा थर अधिक टिकतो. तोही दर वर्षी पावसाळ्यानंतर घासून धुवावा लागतो. मार्चपूर्वी हे झाले नाही तर उन्हाळा हातचा गेला.

गोव्यात गळतीवर उपाय म्हणून अनेक इमारतींच्या गच्चीवर उतरते पत्र्याचे छप्पर घालतात. दिसायला ते बेंगरूळ असले तरी स्लॅबवर सावली धरते, आणि ही सावली पांढऱ्या रंगाइतकीच उपयोगी ठरू शकते. अट एवढीच की बाजू मोकळ्या हव्यात. चारही बाजूंनी पत्रे ठोकून गच्चीची अडगळीची खोली केली, की तापलेली हवा आत कोंडते आणि स्लॅब पुन्हा तापू लागतो. पत्रा निळा किंवा लाल न घेता पांढरा घेतला तर खर्चात फरक पडत नाही. उंचावर बसवलेले सौर फलकही हीच सावली देतात. पश्चिमेची खिडकी मात्र छताच्या कोणत्याही उपायाने सुटत नाही. तेथे दुपारी तीननंतरचे तिरपे ऊन काचेच्या बाहेरच अडवावे लागते. आतला पडदा ऊन आत आल्यावर तापतो, बाहेरची चटई किंवा झडप ते आत येऊच देत नाही.